पिशवी सुनेची हाय

माझे सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण घरात ते शेवटपर्यंत ड्युटीवरच होते. जेवायला बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. आमचं घर शाहूपुरीतल्या एका बोळात, तळमजल्यावर. दार उघडं असलं की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना दिसायचा, आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं काहीतरी मत असायचं. हा चोरटा वाटतोय. ही बाई नवऱ्याला सोडून आलेली असणार. तो पोरगा काहीतरी ओढतोय, डोळे बघ त्याचे.

मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला मास्तरीण. मी एका खासगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते आणि त्यांना ते पटलेलं नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा एमआयडीसीत फौंड्रीत, पाळीवर. त्यामुळे पुष्कळ वेळा जेवायला आम्ही दोघंच असायचो, मी आणि मामा, आणि त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी.

त्या गोष्टी ऐकताना घास गिळणं अवघड जायचं. कुणाला उकिडवं बसवलं, कुणाला स्वतःच्याच चपलेनं स्वतःला मारून घ्यायला लावलं, कुणी भीतीनं लुगड्यातच लघवी कशी केली. सांगता सांगता ते हसायचे, आणि आपल्याबरोबर समोरच्यानंही हसावं अशी त्यांची अपेक्षा असायची. मी ताटात बघायचे.

कुत्र्यांवर मात्र त्यांचा जीव होता. शेवटची काही वर्षं त्यांची नेमणूक श्वानपथकाच्या आसपास होती. स्वतः कुत्रा सांभाळला नाही, पण बंदोबस्ताला सोबत असायचे. "डिपार्टमेंटमधी सगळ्यात इमानदार कोण म्हाईताय का?" ते विचारायचे. "कुत्रं. ते कुणाच्या वशिल्याला भीक घालत न्हाय."

एकदा मी विचारलं होतं, "पण मामा, स्टँडवर उभ्या असलेल्या साध्या माणसाला कुत्र्यानं हुंगायचं म्हणजे आधी काही कारण लागत असेल ना?"

"कारण कशाला? स्टँड काय त्याच्या बाचं हाय? वास हवेत सुटलाय, कुत्र्यानं नाक लावलं. त्यात झडती कुठं आली? कुत्रं बसलं की मग संशय आला. संशय आला की झडती आली. सगळं रीतसर."

"आणि काही सापडलंच नाही तर?"

"तर सोडायचं. आपलं काय जातंय?"

त्यांना कॅन्सर निघाला तेव्हा तो आधीच हाडांत उतरलेला होता. कंबर, मांडी, मग पाठीचा कणा. सुरुवातीला साध्या गोळ्यांवर भागलं. नंतर दुखणं असं वाढलं की, बसलेल्या माणसाला उभं राहायचं असलं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन सुरू केलं. ही गोळी अफूपासून करतात, मेडिकलच्या दुकानात सहज मिळत नाही, आम्ही इथूनच मोजून देतो, ठरलेल्या वेळी द्यायची, असं त्यांनी मला नीट समजावलं. मामा शेजारी बसून ऐकत होते. अफू हा शब्द आला तसा त्यांचा चेहरा आवळला.

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "ह्यातलं एक अक्षर भाईर जाता कामा न्हाय. हवालदार अफू खातोय म्हणून लोक थुंकतील तोंडावर."

"मामा, औषध आहे ते."

"मला शिकवू नगंस."

मग त्यांनी सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडून काढल्या आणि एका वेळेला अर्धी घ्यायची म्हणून अर्ध्या केल्या. पाकिटाचे कागद चुलीत घालावेत तसे बारीक फाडून संडासात टाकले. गोळ्या कुठं ठेवायच्या म्हणून स्वयंपाकघरात शोधाशोध केली आणि ओट्यावरची हिंगाची रिकामी डबी घेतली. तिचं झाकण घट्ट बसतं, म्हणाले. तेव्हापासून ती डबी त्यांच्या उशाखाली असायची आणि दिवसातून ठरलेल्या वेळी ते तोंड भिंतीकडे करून गोळी घ्यायचे.

थोडं बरं वाटायला लागलं तसं त्यांच्या मनानं घेतलं, जोतिबाला जायचं. रविवार होता. नवऱ्याची पाळी होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी तिघं जाऊ, रिक्षा ठरवून. "रिक्षानं देवाला जायला मी काय मेलोय का?" म्हणाले. एसटीनंच जायचं ठरलं. मी कापडी पिशवीत नारळ, दहीभाताचा डबा आणि त्यांचा स्वेटर घातला. पाण्याची बाटली भरत होते तोवर त्यांनी येऊन हिंगाची डबी स्वेटरच्या घडीत खुपसली. मी पाहिलं आणि बाटली शेजारी उभी केली. दुपारच्या गोळीची वेळ डोंगरावरच होणार होती.

स्टँडवर गर्दी होती. पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर मी त्यांना बसवलं आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली. शेजारी एक कॉलेजातली मुलगी, पलीकडे पोती घेतलेलं एक म्हातारं जोडपं.

पोलीस आले ते चौकशीच्या खिडकीकडून. एक तरुण फौजदार, दोघं शिपाई आणि पट्ट्याला तपकिरी कुत्रा घेतलेला एक हवालदार. लोक बाजूला सरकले. कुणी पोरांना जवळ ओढलं. मामा मात्र ताठ बसले. त्यांनी बोटांनी केस मागं सारले.

"बघ, पट्टा कसा ढिला सोडलाय," ते मला म्हणाले. "चांगला हाय गडी. कुत्र्याला ओढत न्हाय, कुत्र्याच्या मागनं जातोय. आमच्या टायमाला एक होता, त्यो पट्ट्याला असा हिसका द्यायचा की कुत्रं घाबरून कुणाच्याबी म्होरं—"

तिथं ते थांबले, कारण कुत्रा आमच्या बाकाशी आला होता. मुलीच्या सॅकवरून त्याचं नाक पुढं सरकलं, माझ्या साडीच्या काठाला लागलं, पिशवीत गेलं. दोनदा जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला. मग तो कुत्रा पिशवीसमोर शांतपणे बसला आणि मान वळवून आपल्या माणसाकडे बघू लागला. इतकं शहाणं जनावर. शेपटीसुद्धा हलवली नाही.

"पिशवी कुणाची?" फौजदारानं विचारलं.

मी मामांकडे पाहिलं. मला खरंच वाटलं होतं की आता ते हसतील, मी डिपार्टमेंटचाच म्हणतील, आजाराचं सांगतील आणि गोष्ट तिथंच संपेल. त्यांना सगळं येत होतं. कुणाशी कसं बोलायचं, कुठला शब्द आधी टाकायचा.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवी सुनेची हाय."

"साहेब, त्यात यांच्या गोळ्या आहेत," मी म्हणाले. "यांना कॅन्सर आहे. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या आहेत."

फौजदार मामांना म्हणाला, "व्हय का, काका?"

"मला काय म्हाईत न्हाय, साहेब. मी रिटायर हवालदार हाय. पिशवी तिनं भरलिया, तिच्याच हातात हुती."

हवालदार म्हटल्यावर फौजदाराचा आवाज बदलला. "असं व्हय. बसा काका तुम्ही, उठू नका." आणि माझ्याकडे वळून, "तू उभी राहा. हात पिशवीला लावायचा नाही."

आधी तो मला ताई म्हणाला असता की नाही, मला माहीत नाही. त्या क्षणापासून मी 'तू' झाले.

पंच म्हणून एका पेरूवाल्याला आणि एका प्रवाशाला बोलावलं. पिशवी तिथंच, फरशीवर उलटी केली. नारळ घरंगळत बाकाखाली गेला. दहीभाताचा डबा उघडून शिपायानं त्यात पेन घालून ढवळलं. स्वेटर झटकला तशी डबी खाली पडली आणि झाकण उघडण्याआधीच कुत्रा पुन्हा तिच्यासमोर बसला. गर्दीतून कौतुकाचा हुंकार आला. हवालदारानं खिशातून एक जुना चेंडू काढून कुत्र्याला दिला. तो चेंडू चावत शेपटी हलवायला लागला आणि काही पोरं हसली.

डबी उघडली. आत अर्ध्या केलेल्या, नाव-गाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या.

"हिंगाच्या डबीत गोळ्या कोण ठेवतं?" फौजदार मोठ्यानं म्हणाला. माझ्यापेक्षा गर्दीला ऐकू जाईल असा. "ज्याला कुत्र्याला फसवायचंय तोच ठेवतो."

"मी नाही ठेवल्या. यांनीच—"

"ह्यांच्या घरात हिंगाला हात कोण लावतं? हे का तू?"

लोक हसले. एका बाईनं "शिकल्यासवरल्याली दिसतीया की," म्हटलेलं मला ऐकू आलं. चारी बाजूंनी मोबाईल वर झाले होते. मामा बाकावर होते, दोन्ही हात काठीवर ठेवून. समोरच्या गाडीवरची पाटी वाचत असल्यासारखे बघत होते.

एका महिला शिपायानं मला पार्सलच्या खोलीशेजारच्या एका खोलीत नेलं. खोलीला दार होतं पण कडी नव्हती. तिनं विटेचा तुकडा लावून ते टेकवलं. मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "तुमची अंगझडती घ्यायची हाय. मोठ्या अधिकाऱ्यासमोर नायतर मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा तुम्हाला हक्क हाय. पाहिजे का?"

"पाहिजे म्हटलं तर काय होईल?"

"आज रविवार. साहेब येईस्तोवर बसून ऱ्हावं लागंल. संध्याकाळ हुईल, नायतर उद्या. तोवर ठाण्यात. तुमची मर्जी."

हक्क असा विचारला जातो हे मला तोवर माहीत नव्हतं. मामा बाहेर होते, त्यांची गोळीची वेळ जवळ येत होती. मी म्हटलं, घ्या इथंच.

तिनं आधी अंबाडा सोडायला लावला आणि केसांत बोटं घातली. साडी फेडून कोपऱ्यात ठेवली. ब्लाऊजची बटणं. परकराची नाडी. खाली बस, ऊठ, खोक. ती वाईट बाई नव्हती. हात कोरडे होते आणि ती घाईत होती. मध्येच तिचा फोन वाजला तो तिनं खांद्यानं कानाशी धरला आणि एका हातानं मला धरून ठेवत दुसऱ्या हातानं झडती चालू ठेवली. फोनवर घरची कुणीतरी कुकरबद्दल विचारत होती. तिनं सांगितलं, अजून एक शिट्टी होऊ दे. मी उघड्या अंगानं उभी होते आणि विटेचा तुकडा हळूहळू सरकत होता. फटीतून फलाटाचा उजेड आत येत होता. त्या फटीतून मला मामांचा आवाज ऐकू आला. कुणीतरी त्यांना चहा दिला होता आणि ते कुत्रा धरलेल्या हवालदाराला त्यांच्या वेळची गोष्ट सांगत होते. पट्ट्याला हिसका देणाऱ्याची, मघाशी अर्धी राहिलेली. शेवटाला दोघंही हसले.

काही सापडलं नाही. मला साडी नेसू दिली आणि वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत आणून फरशीवर बसवलं. मामा तिथंच खुर्चीवर होते. माझा फोन फौजदारापुढं टेबलावर होता.

"साहेब, त्यात डॉक्टरांचा नंबर आहे. एकदा लावा. त्या सांगतील."

"आधी पंचनामा होऊ दे. मग बघू."

पंचनामा सावकाश चालला होता. पेरूवाला मधूनमधून दारातून आपल्या गाडीकडे बघून येत होता. आणि मग मला दिसलं की मामांच्या कपाळावर घाम आलाय. मला ती चढण पाठ होती. आधी घाम, मग उजवा पाय आपोआप आखडायचा, मग जबडा. गोळीची वेळ टळून गेली होती. गोळ्या त्यांच्या समोर टेबलावर, कागदावर ओतलेल्या होत्या, हात लांबवला तर पोहोचतील इतक्या जवळ. त्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"त्यांच्याकडे बघा, साहेब," मी म्हणाले. "दुखणं सुरू झालंय. त्यातली एक अर्धी गोळी द्या त्यांना."

फौजदारानं मान वर केली. "काका, काय होतंय? तुमच्याच हायत का ह्या गोळ्या?"

मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बोटांची नखं पांढरी पडली होती.

"न्हाय," ते म्हणाले.

फौजदार तरुण होता, मूर्ख नव्हता. त्यानं त्यांच्या खुर्चीवरच्या हाताकडे बघितलं, मग माझा फोन माझ्याकडे सरकवला. "लावा. स्पीकरवर."

मला त्यानं पहिल्यांदा अहो-जाहो केलं ते तिथं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेला उचलला. त्यांनी मामांचं नाव, आजार, गोळीचं नाव, सगळं खडाखडा सांगितलं. दवाखान्याला ही गोळी ठेवायची परवानगी आहे, पेशंट आमचा आहे, त्याला ती आत्ताच्या आत्ता द्या, असंही सांगितलं. स्पीकरवर होतं. दोघं शिपाई, पेरूवाला, कुत्रा धरलेला हवालदार, सगळ्यांनी ऐकलं. मामांनी डोळे मिटले.

फौजदारानं फोन ठेवला आणि हसला. रागानं नव्हे. त्याच्या हसण्यात कौतुक होतं. "काका, तुम्ही आमच्यावर बी ताण केलीसा की."

मामाही हसायचा प्रयत्न करत होते. दुखण्यामुळे ते तोंड वेगळंच काहीतरी दिसत होतं.

"गोळ्या द्या आता," मी म्हणाले.

"माणसं सोडतो. मुद्देमाल सील करायला घेतलाय, त्यो तपासणीला जाणार. खुल्या गोळ्या हायत, नाव न्हाय, काय न्हाय. फोनवर कोण बोललं त्यावर मी कसा सोडू?"

"एक तरी. त्यांच्यापुरती, आत्ताची."

"ताई, एक दिली काय आणि सगळ्या दिल्या काय."

मी मामांकडे वळले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तुमचंच डिपार्टमेंट आहे.

"बरोबर हाय साहेबांचं," मामा दातांतून बोलले. "सील म्हणजे सील. मी असतो तर मी बी दिली नसती."

लाखेचा वास खोलीत भरला. आम्ही बाहेर पडलो.

जोतिबा राहिला. रिक्षानं घरी आलो. स्टँडपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर, पण मध्ये रस्ता खणलेला. प्रत्येक खड्ड्याला ते माझं मनगट आवळायचे. त्या आवळण्यात नातं काही नव्हतं. रिक्षाचा दांडा हाताशी असता तर त्यांनी दांडा धरला असता.

घरी जुन्या, साध्या दुखण्याच्या गोळ्या होत्या त्या दिल्या. काही उपयोग नव्हता. दवाखान्यात फोन केला तर गोळ्यांचं कपाट ज्यांच्या ताब्यात असतं ते उद्या सकाळी येतील असं कळलं. दुपारभर ते कण्हत होते, संध्याकाळी ओरडायला लागले. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, मग तिनं स्वतःचं दार लावून घेतलं. त्यांना कूस बदलायची असायची आणि हात लावला की लाथ मारायचे. आईच्या नावानं हाका मारत होते, आणि मध्येच मला घाणेरड्या शिव्या, नोकरीत वापरलेल्या. एकदा म्हणाले, "तुझ्यामुळं. डबी लपवायची अक्कल न्हाय तुला."

नवरा पाळीवरून आला तेव्हा मी त्यांच्या तोंडात टॉवेलची घडी देत होते, जीभ चावू नये म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं. झडतीचंही सांगितलं. कुठली बटणं, कुठली नाडी, ते नाही, घेतली एवढंच.

तो बराच वेळ बाथरूममध्ये हात धूत होता. बाहेर येऊन म्हणाला, "बाबा घाबरून बोलले असतील. सोडलं ना शेवटी? मग झालं."

"ते घाबरले नव्हते."

"आत्ता त्यांची अवस्था बघ आणि मग बोल. तू ती डबी बदलायचीस ना. पाकिटातच राहू द्यायच्या होत्या गोळ्या, हे तुला कळायला नको?"

सोमवारी डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. मामा व्हीलचेअरवर होते आणि त्या माझ्यावर रागावल्या. मोकळ्या गोळ्या कशा ठेवल्या, शिकलेल्या आहात तुम्ही, एवढं समजावून सांगितलं होतं. मी मामांकडे पाहिलं. ते ऐकत होते. नर्सनं गोळी दिली, पाण्याचा घोट दिला, आणि थोड्या वेळानं त्यांचा चेहरा सैल पडला. मग ते मला म्हणाले, "चल, भूक लागलीया."

व्हिडिओ तोवर गावभर झाला होता. त्यात मी होते, हिंगाची डबी होती, कुत्र्याचं बसणं होतं आणि लोकांचं हसणं. डॉक्टरांचा फोन त्यात नव्हता, कारण तो बंद खोलीत झाला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या शाळेतल्याच बाई ना ह्या? मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. त्या समजूतदारपणे बोलल्या. त्यांना माझ्यावर संशय नव्हता, संस्थेचे लोक विचारत होते, आठ-पंधरा दिवस रजा घ्या म्हणाल्या. मी पोलिसांकडून काही लेखी मिळतं का बघते म्हटलं. ठाण्यात गेले तर तिथला माणूस म्हणाला, गुन्हाच दाखल नाही तर कसलं लेखी देऊ? नसलेल्या गोष्टीचा कागद कसा काढायचा?

रजेवर जायच्या आधीच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते. माझ्याच वर्गातली मुलं मैदानात खेळत होती. एक जण चार पायांवर रांगत, बाकीच्यांना हुंगत फिरायचा. सगळे श्वास धरून उभे. मग तो एकाच्या पुढं बसायचा आणि बाकीचे त्या एकावर तुटून पडायचे, खिसे ओढायचे, शर्ट वर करायचे. जिच्याशी कुणी खेळत नाही, अशा एका मुलीपुढंच कुत्रा पुनःपुन्हा बसत होता. ती रडत नव्हती. आपल्याला खेळात घेतलं म्हणून हसत होती. मी खाली जाऊन खेळ थांबवला. मुलं पांगली, आणि जाता जाता एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

रजा वाढत गेली. जूनमध्ये मला परत बोलावलं नाही. आता कुणीतरी घरात हवंच होतं, असं नवरा म्हणाला.

मामांना मी एकदाच विचारलं. पावसाळा सरत आला होता, ते अंथरुणाला खिळलेले होते, पण डोकं शाबूत होतं. मी त्यांची नखं कापत होते.

"मामा, त्या दिवशी पिशवी माझी म्हणून का सांगितलंत?"

त्यांना कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. आठवावंही लागलं नाही.

"मला पेन्शन हाय," ते म्हणाले.

मी पुढच्या बोटाचं नख धरलं.

"माझ्यावर केस झाली असती तर पेन्शन आडकली असती. तुझं काय आडकणार हुतं?"

"मला तुरुंगात टाकलं असतं."

"न्हाय टाकलं असतं. सुटली असतीस. बाईमाणसाला जामीन मिळतोय लवकर." मग त्यांनी दुसरा हात पुढं केला. "अंगठ्याचं नीट काढ. मागल्या बारीला लागलं हुतं."

मी अंगठ्याचं नीट काढलं. गोळी मी त्यांना कधी चुकवली नाही, एकदाही उशिरा दिली नाही. माझी आई फोनवर म्हणायची, तुझी पुण्याई मोठी. त्यात पुण्याई नव्हती. ओरडणं पुन्हा ऐकायचं नव्हतं, एवढंच.

दिवाळीनंतर ते गेले. कोपऱ्यावर त्यांचा वर्दीतला फोटो लावून श्रद्धांजलीचा बोर्ड लागला. त्यांच्या बरोबरीचे निवृत्त लोक दहाव्याला आले होते, त्यांना मी चहा दिला. आता मी घरीच शिकवण्या घेते. लांबच्या गल्ल्यांतली मुलं येतात. जवळची कमी.

मध्यंतरी मंडईत मेथी घेत होते. शेजारी एक माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटलं. साध्या कपड्यांत होता म्हणून आधी ओळखलं नाही. तो कुत्रा धरणारा हवालदार. मला बघून त्याला लाज वाटली नाही, उलट ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला.

"तुम्ही त्या स्टँडवरच्या ताई न्हवं का? हिंगाच्या डबीवाल्या?"

मी हो म्हणाले.

"लई बोलबाला झाला बघा आमच्या कुत्र्याचा त्या दिवसापास्नं. हिंगातनं वास काढला म्हटल्यावर साहेबांनी शाबासकी दिली. त्याच्या कामगिरीत लागलीया ती केस. आता ट्रेनिंगला नव्या पोरांना आम्ही तेच उदाहरण सांगतो."

"पण त्या गोळ्या औषधाच्या होत्या," मी म्हणाले. "दवाखान्यानं दिलेल्या."

"व्हय की. पर कुत्र्याचं चुकलं न्हाय ना? त्यानं वळखायचं ते वळखलं." तो अगदी सरळपणे बोलत होता. मग त्याला आठवलं. "आणि काका? कसं हायत? लई गप्पिष्ट माणूस."

"गेले."

"आरारा," तो म्हणाला. मग भाजीवालीकडे वळून तिनं निवडलेली जुडी बाजूला सारली आणि दुसरी मागितली. ही मेथी पिवळी पडलीया, म्हणाला.

मी माझी जुडी पिशवीत घातली आणि निघाले.